कडेची बॅटरी

गाडीच्या मुठीच्या रबरावर सिद्धरामने नखाने एक खूण केली होती. मूठ सैल सोडली की ती खूण आभाळाकडे असे, आणि पूर्ण पिळली की बरोबर त्याच्या छातीकडे येई. आजही ती छातीकडे आली होती. मनगटाला रग लागली होती. आणि हँडलवरच्या छोट्या काचेतला आकडा अठरावर बसून होता.

त्याने मूठ सोडली, पुन्हा पिळली. आकडा सतरावर आला. मागच्या चाकातली मोटर घशात कफ अडकल्यासारखी गुरगुरली आणि गाडी तशीच चढ चढत राहिली. मागून उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, त्यांवर शिगोशीग ऊस. एवढं ओझं घेऊन तो सिद्धरामला ओलांडून गेला. जाता जाता ड्रायव्हरने मान वाकवून खाली बघितलं.

"मेंढरं कुटं सांडली रं पावनं? का मागनं येत्यात?"

उत्तर द्यायचं तर गाडी निदान ट्रॅक्टरच्या बरोबरीने तरी चालायला हवी होती.

ही गाडी त्याने स्वतःच्या हाताने केली होती. इंजिन जाम झालेली जुनी मोटरसायकल. इंजिन काढून त्या जागी लोखंडी पेटी बसवली, पेटीत चार बॅटऱ्या एकीला एक जोडून ठेवल्या, मागच्या चाकात मोटर घातली आणि सीटखाली कंट्रोलरचा डबा. आयटीआयला शिकलेलं सगळं त्यात ओतलं. पेट्रोल वाचावं हा त्यातला लहान हेतू होता. मोठा हेतू होता तो एकाच माणसाला दोन ठिकाणी असता यावं हा.

दिवसा तो सोलापूरच्या वेशीबाहेरच्या टॉवेलच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. आणि त्याचे आईवडील, तात्याबा आणि तानाबाई, मेंढरांमागे होते. ज्वारी निघायला लागली की मोकळ्या रानात मेंढरं बसवायला शेतकरी बोलावतात. रात्रभर वाघुरीच्या जाळीत मेंढरं बसतात, रानाला लेंड्यांचं खत मिळतं, सकाळी वाघूर उचलून पुढच्या पट्ट्यात ठोकायची. त्याला दोन गड्यांची ताकद लागते. म्हणून सिद्धराम संध्याकाळी कामावरून सुटला की मंद्रूपच्या घरी बायकोकडून भाकरी आणि पाण्याचे कॅन घेई, नदीकडच्या रानात वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, जाई, तिथेच झोपे आणि पहाटे वाघूर हलवून थेट कारखाना गाठे. बाजाराच्या आदल्या रात्री तेवढा घरी.

मेंढरं ठेवायची की विकायची, हे घरात कुणी बोलत नसे. दसऱ्याच्या सुमाराला त्याची बायको पूनम एकदा म्हणाली होती, "मामांस्नी इचारा की एकदा. किती दिस ह्ये असं?" तेव्हा तो म्हणाला होता, गाडी तयार होऊ दे. गाडी तयार झाली. मग म्हणाला, गाडी सुरळीत होऊ दे.

कारखान्याच्या फाटकाशी पोचला तेव्हा पहिल्या पाळीचे माग सुरू होऊन आवाजाने भिंती हलत होत्या. सुपरवायझर दारातच उभा होता. तो ओरडत नसे, त्यामुळे त्याचं बोलणं लक्षात राही.

"सिद्धराम, मार्चअखेर दोघांना कायम करायचंय. तुझं नाव मीच वर धाडलंय. पण उशिरा येणाऱ्या माणसाची बाजू मला मांडता येत नाही."

"गाडीचा प्रॉब्लेम हाय साहेब. आठ दिसात काढतो."

"गेल्या महिन्यातही आठच दिवस होते."

मागून एक बाई सूत भरलेली गाडी ढकलत गेली आणि हसली. सिद्धरामने गाडी चार्जिंगला लावली आणि हात धुवायला गेला. हात धुण्यासारखे झालेलेही नव्हते.

दोष शोधायची त्याची पद्धत चुकीची नव्हती. आधी मूठ. मुठीतून कंट्रोलरला जाणारी वायर मीटर लावून तपासली. मूठ पिळत गेलं की आकडा शिस्तीत वर चढे, सोडली की खाली येई. तरी त्याने नवी मूठ आणून बसवली, नखाने नवी खूण केली. फरक नाही. मग ब्रेकची वायर सोडवली, कारण ब्रेक दाबला गेलाय असं कंट्रोलरला वाटलं तर तो मोटरला जोर देत नाही. फरक नाही. मग वेग अडवणारी पांढरी वायर आपोआप जुळली की काय ते बघितलं. ती मोकळीच होती. बॅटऱ्यांच्या दोन टोकांना मीटर लावला. एकूण आकडा जरा उतरलेला, पण रात्रीच्या रपेटीनंतर तेवढा उतरतोच.

सगळं बरोबर होतं. आणि गाडी अठराने चालत होती. त्याहून वाईट म्हणजे ती रोज तशी चालत नव्हती.

शनिवारी त्याने ती मंद्रूपच्या पेठेत अमृतच्या गॅरेजवर नेली. अमृत त्याचा शाळेपासूनचा सोबती. पेट्रोलच्या गाड्यांवर त्याचा हात बसलेला, आणि या गाडीला तो 'मिक्सर' म्हणे.

"चालव बघू तुजा मिक्सर."

सिद्धरामने गाडी पेठेतून वेशीपर्यंत आणि परत अशी फिरवली. काचेत बेचाळीस आला. त्रेचाळीस आला. वळणावर एका म्हातारीने शिव्या दिल्या इतकी पळाली.

अमृतने पाना मांडीवर ठेवला. "ह्येला काय झालंय? ही तर माज्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांपेक्षा निरोगी हाय."

"सकाळी न्हाय पळत. वाड्यावरनं निगालो की अठरा. बाजारादिवशी घरनं निगालो की झ्याक."

"म्हंजी घरी झोपलास की पळती, आन् वाड्यावर झोपलास की रडती?"

"व्हय."

"तुला न्हाय रं, तिला पूनमवैनी आवडती." अमृत हसला. बाकावर बसलेले दोघे हसले. त्यातला एक म्हणाला, "बायकूपाशी झोपला की मानूस पळतोच की, गाडीचं काय घिऊन बसलाय." पुन्हा सगळे हसले. सिद्धरामही हसला, कारण न हसणं जास्त महागात पडलं असतं. पण घरी येईपर्यंत त्याचे कान तापलेले होते. डॉक्टरच्या दारात गेल्यावर पोट दुखायचं थांबावं आणि आपण खोटारडे ठरावं, तसं त्याला वाटत होतं.

पूनम चुलीपुढे बसली होती. दिवसभर ज्वारी काढून तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. तव्यावर भाकरी टाकताना ती बोटं उताणी ठेवत होती.

"काय म्हनला अमृतदादा?"

"काय म्हननार. हसला."

"अवो, घरी बरी असती ह्ये खरं हाय की पन. तितं काय निराळं हाय त्ये बगा."

"दहिवर," सिद्धराम म्हणाला. हे त्याला तेव्हाच सुचलं. "नदीकडच्या रानात दहिवर पडतंय. वायरच्या जोडात पानी जात आसंल."

आता त्याच्या हाताला काम मिळालं. त्याने प्रत्येक जोड सोडवून पुसला, वर चिकटपट्टी गुंडाळली, मुठीला प्लास्टिकची पिशवी बांधली, आणि घरातला एकुलता एक ताडपत्रीचा तुकडा गाडीवर घालायला घेतला. पूनम म्हणाली, "त्यो कडब्यावर घालायचा हाय." तो म्हणाला, "दोन दिस दे."

दुसऱ्या दिवशी वाड्यावर पोचला तेव्हा दिवस मावळत होता. चनबसप्पा पाटलांचं रान होतं ते. पाटील स्वतः बांधावर उभे राहून, मेंढरं नीट सगळ्या पट्ट्यात बसतात की एकाच कोपऱ्यात गोळा होतात, ते बघत होते.

"तात्याबा, वाघूर तिरपी झाली की तुझी. तिकडचा कोपरा कोरडाच राह्यला. पैल्यासारखी ठोकत न्हाईस तू."

"उद्या सरळ करतो मालक."

"असू दे, असू दे. पन सरळ कर," म्हणत पाटील गेले.

वाघूर खरंच तिरपी होती. हाताएवढ्या फरकाने नव्हे, चांगली कासराभर. सिद्धरामने खुंट्या उपटून पुन्हा ठोकल्या. आपल्याविना आप्पांनी, म्हणजे तात्याबाने, एकट्याने घाईत ठोकली असणार, एवढंच त्याला वाटलं. तानाबाई एका कोकराला मांडीवर घेऊन त्याच्या मागच्या पायाला बांबूची कामटी आणि हळदीची पट्टी बांधत होती.

"ह्येला काय झालं?"

"शेळीनं तुडवलं," तात्याबा पलीकडून म्हणाला. तानाबाईने वर बघितलं नाही. पट्टीची गाठ तिने दातांनी ओढली.

जेवताना तात्याबाचा हात तांब्याला लागला आणि पाणी सांडून सिद्धरामच्या पिशवीखाली गेलं. पिशवीत मीटर होता. "आप्पा, जरा बगून की," सिद्धराम करवादला. मग पिशवी झटकून त्याने ती अंगाखाली घेतली, गाडीवर ताडपत्री घातली, चारी टोकांना दगड ठेवले, आणि घोंगडं डोक्यावरून ओढून निजला. वाघुरीच्या तोंडाशी बांबूला दिवा टांगलेला होता, आप्पा तो सगळे निजल्यावर लावत. तो दिवा त्यानेच करून दिला होता, पावसाळ्यात, एका जुन्या छोट्या बॅटरीवर. लांडग्याची भीती असते त्या बाजूला. अंगात दिवसाचं सगळं ओझं होतं. कूस बदलायच्या आत त्याला झोप लागली.

पहाटे ताडपत्री कोरडी खडखडीत होती. आतली गाडीही कोरडी होती. त्याने मूठ पिळली. पांदीतून सडकेला लागेपर्यंत आकडा तिशीत गेला आणि पहिल्या चढाला उतरत उतरत अठरावर येऊन बसला.

तो तिथेच थांबला. गाडी स्टँडला लावली. एक लाथ घातली बॅटरीच्या पेटीला. नडगीवरची चामडी सोलली. पेटीला काही झालं नाही. रस्त्याच्या कडेला बसून त्याने पँट वर केली आणि रक्त बघत राहिला. दोन वर्षं आयटीआय, त्यानंतर चार कारखान्यांतल्या मोटरी, आणि स्वतःच्या गाडीपुढे आपण असे बसलोय. मेंढरांना निदान ताप आला की कान गरम लागतात.

त्या दिवशी सुपरवायझर नुसता घड्याळाकडे बघून आत गेला.

दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता त्याला पूनमचं बोलणं आठवलं. तितं काय निराळं हाय त्ये बगा. त्याने तिथलं एकच बघितलं होतं, दहिवर. आणि बॅटऱ्यांचं त्याने काय बघितलं होतं? दोन टोकं. एकूण आकडा. तोही कारखान्यात आल्यावर, गाडी जरा निवल्यावर. चौघींचा मिळून. एकेकीचा एकदाही नाही. घास त्याच्या हातात राहिला. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. शिकाऊ पोरालाही हे सांगतात.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, वाघूर हलवायच्या आधी, त्याने वाड्यावरच पेटी उघडली. एका बॅटरीवर गाडीच्या पुढच्या दिव्याचा बल्ब जोडून ओझं दिलं आणि मीटर लावला. आकडा बारावर टिकला. दुसरी तशीच. तिसरी तशीच. चौथी, झाकणाच्या बाजूची, कडेची, फटीतून हात पोचेल अशी. बल्ब जोडल्याबरोबर आकडा दहाच्या खाली घसरला आणि घसरतच राहिला.

बाकी तिघींनी आपल्या बेरजेत हिचं दुखणं झाकलं होतं. चढ आला, ओझं पडलं, की ही बसायची आणि हिच्यामुळे कंट्रोलर सगळ्यांचाच हात आखडता घ्यायचा. दिवसा चार्जिंगला लावलं की ही थोडी सावरायची, म्हणून संध्याकाळी गाडी बरी. सिद्धरामला आनंद व्हायला हवा होता. पण प्रश्न उरलाच. चौघी एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या. मग हीच का?

त्याने वाकून बघितलं. बॅटरीचं शिशाचं टोक मऊ असतं. त्या टोकावर बारीक दातांचे ओरखडे होते. एकावर एक, कितीतरी. उंदराचे नव्हेत. लोखंडी चिमट्याचे.

वाघुरीच्या तोंडाशी दिव्याच्या वायरचं टोक बांबूला गुंडाळून ठेवलेलं होतं. त्या टोकाला दोन चिमटे होते. खाली त्याने पावसाळ्यात दिलेली छोटी बॅटरी मातीत अर्धी रुतलेली, फुगलेली, तिच्यावर मुंग्यांनी वारूळ धरलेलं. ती केव्हाच मेली होती.

"आप्पा."

तात्याबा घोंगडं खांद्यावर टाकून उभा होता. पोरगा पेटी उघडून बसलाय एवढं त्याला कळलं होतं.

"रातचा दिवा कशावर लावतासा?"

"तुज्या गाडीवर," तात्याबा म्हणाला. "चार हाईत की तितं. एक घेतली तर काय बिगडतंय? तू उटायच्या आदी काडून ठेवतो."

"काय बिगडतंय?" सिद्धराम उठला. "महिनाभर मी मरतुया हितं. मूठ बदलली, वायरी सोडल्या, पेठंत माजी शोभा झाली, कारखान्यात रोज मान खाली घालून जातोय. आन् तुमी... एवढी साधी गोष्ट सांगायची न्हवती व्हय मला? दिवा मेलाय म्हनून? दुसरी बॅटरी आनली असती मी."

तात्याबाने काठीचं टोक मातीत फिरवलं.

"परका हाय का मी, माज्याफुडं लाजायला?" सिद्धरामचा आवाज फाटला. मेंढरं उठून वाघुरीच्या पलीकडच्या बाजूला सरकली. "पैलं तर कदी दिवा लागत न्हवता तुमास्नी. आवसंच्या रातीला मेंढरं मोजायचा. आताच काय झालंय रातभर दिवा पायजे म्हनून?"

"ह्येच इचारशील म्हनून न्हाय सांगितलं," तात्याबा म्हणाला.

तानाबाई कोकराला बाटलीने दूध पाजत होती. ती तशीच बसून म्हणाली, "दिसत न्हाय त्यास्नी. दिवाळीपासनं. उजेडात जरा तरी दिसतंय, अंधारात कायच न्हाय. ह्ये कोकरू शेळीनं न्हाय तुडवलं."

"तू गप."

"किती दिस गप बसू? डोळ्याच्या डाक्टरनं बाजारादिवशी तपासून सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, आप्रेशन करा. म्हनला, धूळ लागायची न्हाय, मेंढरांत जायचं न्हाय. ह्ये म्हनलं, मग मेंढरं कोन बगनार? आन् उटून आलं."

सिद्धराम बापाकडे बघत राहिला. बापाची नजर त्याच्याकडे होती, पण थोडी बाजूला, त्याच्या खांद्यावर. सांडलेला तांब्या. तिरपी वाघूर. सगळं त्याच्या डोळ्यापुढे होतं, रोज, आणि तो मीटरच्या आकड्यांत डोकं घालून बसला होता. त्याला राग आला होता तो आता कुणावर काढायचा ते कळेना. त्याने पेटीचं झाकण लावलं. दोन स्क्रू मातीत पडले ते चाचपून शोधले. मग बापलेकांनी मिळून वाघूर हलवली. सिद्धराम खुंटी धरायचा, बाप हाताने तिचं डोकं चाचपून मग दगड मारायचा. एक घाव सिद्धरामच्या अंगठ्यावर बसला.

दुरुस्ती मुळात अवघड नव्हतीच. कडेची बॅटरी त्याने कारखान्यात वेगळी काढून एकटीच चार्ज केली, पण ती ओझं धरेना. मग बदलली. जुनीत दिव्यापुरता जीव होता, तिला त्याने एका लाकडी खोक्यात घालून चिमटे पक्के आवळले. वाड्यावरून दोन सकाळी निघून बघितलं. पहिल्या चढावर एकोणचाळीस. फाटकाशी पोचला तेव्हा सुपरवायझरची सायकलसुद्धा आलेली नव्हती.

पेठेतून जाताना अमृतने हात केला. "काय रं, पळाली?"

"पळाली."

"काय झालतं?"

"बॅटरी एक कच्ची निगाली," सिद्धराम म्हणाला आणि थांबला नाही.

त्या संध्याकाळी पूनमही त्याच्या मागे बसली. ज्वारीची काढणी संपली होती. मधे पाण्याचे कॅन, तिच्या मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं आणि दिव्याचं खोकं. एवढं ओझं घेऊन गाडी चढावर कुरकुरलीसुद्धा नाही. तिच्या पदराचं टोक वाऱ्याने त्याच्या कानावर आपटत होतं. नदीकडे वळताना ती म्हणाली, "झाली की सुरळीत गाडी."

त्याने मूठ जरा सैल सोडली. पांदीतल्या खड्ड्यात तिने त्याच्या खांद्याला धरलं आणि नंतर हात काढला नाही.

वाड्यावर मेंढरं नुकतीच वाघुरीत शिरत होती. तात्याबा तोंडाशी बसून आत जाणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवत मोजत होता. पूर्वी तो हे उभ्याने, काठी रोवून, नुसत्या नजरेने करायचा. सिद्धरामने बांबूपाशी खोकं ठेवलं, दिवा जोडला. उजेड पडला तसा तात्याबाने चेहरा त्या बाजूला वळवला.

"ह्यो निराळा का?"

"निराळा. गाडीचा संबंध न्हाय."

"आन् गाडी?"

"पळती आता."

"सुनंला घिऊन?"

"सुनंला घिऊन, पान्याला घिऊन."

"मग ब्येस झालं." तात्याबाने शेवटच्या मेंढीला आत ढकललं आणि वाघुरीची गाठ मारायला दोरी शोधू लागला. दोरी त्याच्या गुडघ्यापाशीच होती. हात तिच्या अलीकडून पलीकडे दोनदा गेला. "मग आता काळजी न्हाय. तू रोज दिस मावळायच्या आत येशील. वाघूर तू ठोकायची, दिवसा मी आन् तुजी आई हाकतो. आप्रेशनचं बगू म्होरल्या साली. गाडी सुरळीत झाली म्हंजी सगळंच झालं."

तानाबाई चुलीसाठी दगड मांडत होती, तिचे हात थांबले. पूनम गाठोडं सोडत होती, तीही थांबली. लंगडं कोकरू दिव्याच्या उजेडात आलं आणि तात्याबाच्या पावलाचा वास घेऊन बाजूला झालं.

सिद्धराम खाली बसला. त्याने दोरी उचलली, वाघुरीची गाठ स्वतः मारली, आणि मग बापाचा चाचपणारा हात आपल्या हातात धरला. हात लोकरीच्या तेलाने मऊ आणि थंड होता.

"आप्पा, गाडी झाली सुरळीत. पन मी रोज येनार न्हाय. तुमचं आप्रेशन ह्या महिन्यात करायचं, आन् त्याच्या आदी मेंढरं इकायची."